ब्रिगाखच्या कांठीं वाजलेला तबला

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर मुख्य कलावंताचें नांव मोठ्या अक्षरांत असतें आणि साथ करणारांचीं नांवें पाठीमागें, बारीक टाइपांत, बहुधा अगदीं तळाशीं असतात. तीं वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. वस्तुतः संगीताचा इतिहास पुष्कळदां त्या बारीक अक्षरांतच दडलेला असतो. आज ज्या ध्वनिमुद्रिकेविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें, तिच्या बाबतींत तर हें विशेष खरें आहे. ती जर्मनींत तयार झाली. तिच्यावर मुख्य नांव आहे तें एका स्विस पियानोवादिकेचें. आणि जाझ संगीताच्या जाणकारांतहि तिची आठवण काढणारे विरळाच. पण तिच्या वादकांच्या यादींत एक अस्सल मराठी नांव आहे : केशव साठे, तबला.

ध्वनिमुद्रिकेचें नांव ‘जाझ मीट्स इंडिया’, म्हणजे जाझची भारताशीं भेट. इ. स. १९६७ च्या ऑक्टोबर महिन्यांत, दक्षिण जर्मनींतील फिलिंगेन या गांवीं ती मुद्रित झाली. तिच्यांत दोन त्रयी समोरासमोर बसल्या आहेत. पहिली इरेन श्वाइट्सर यांची पियानोत्रयी : पियानोवर स्वतः श्वाइट्सरबाई, डबल बासवर उली ट्रेप्टे आणि ड्रमवर मानी नॉयमायर. दुसरी दिवाण मोतिहार यांची : सतार व गायन स्वतः मोतिहार यांचें, तबल्यावर केशव साठे आणि तानपुऱ्यावर कुसुम ठाकूर. शिवाय दोन पाहुणे आहेत. ट्रंपेट वाजविणारे जर्मनीचे मानफ्रेड शोफ व सॅक्सोफोन वाजविणारे फ्रान्सचे बार्नी विलेन. असे आठ जण एका खोलींत एकत्र आले. अशा भेटींतून कांहीं खरें संगीत निघतें काय, कीं ती केवळ दोन देशांच्या मालाची भेसळ असते, हा प्रश्न तेव्हां विचारला गेला आणि आजहि विचारला जातो. त्या प्रश्नाचा विचार या एका ध्वनिमुद्रिकेच्या आधारें करावा, असा माझा आजचा हेतु आहे.

नभोवाणीवरून बोलतांना या ध्वनिमुद्रिकेचा नभोवाणीशीं असलेला संबंध सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. ती काढणारी ‘साबा’ ही कंपनी मुळांत रेडिओ-यंत्रें तयार करणारी होती. श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळें अरण्य, या डोंगराळ मुलखांत घड्याळें करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. त्या धंद्यांतूनच या घराण्याचा कारखाना वाढला आणि पुढें रेडिओकडे वळला. घराण्याचे एक वारस हान्स गेओर्ग ब्रूनर-श्वेर यांना ध्वनिमुद्रणाचा मोठा नाद. प्रसिद्ध पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांना आपल्या राहत्या घरीं बोलावून, निवडक मित्रमंडळीपुढें त्यांचें वादन त्यांनीं १९६३ पासून अनेकदां मुद्रित केलें, आणि तीं मुद्रणें पियानोवादनाच्या क्षेत्रांत आजहि मानाचीं समजलीं जातात. १९६८ सालीं कारखाना एका अमेरिकन कंपनीकडे गेला, तेव्हां ब्रूनर-श्वेर यांनीं संगीताचा विभाग ‘एम. पी. एस.’ या नांवानें स्वतंत्रपणें चालू ठेविला. आपली ध्वनिमुद्रिका या दोन नांवांच्या सांध्यावरची आहे. आणि सांध्यावर पडलेल्या वस्तु पुष्कळदां नजरेआड होतात.

ही भेट घडवून आणणारे योआखिम अर्न्स्ट बेरेंट हे गृहस्थहि नभोवाणीचेच. बाडेन-बाडेन येथील केंद्रावर जाझचा विभाग त्यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर चार दशकें सांभाळला. जाझवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला आणि पुढें अनेक भाषांत गेला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते व नात्झी राजवटीला विरोध केल्यामुळें डाखाऊच्या छळछावणींत १९४२ सालीं मरण पावले. ज्या राजवटीनें जाझला हीन वंशाचें संगीत ठरविलें होतें, तिच्या नाशानंतर निरनिराळ्या देशांचें संगीत एकमेकांस भेटविण्याचा ध्यास अशा पित्याच्या पुत्रानें घ्यावा, यांत केवळ हौस होती असें म्हणवत नाहीं. जाझची जगाशीं भेट अशा अर्थाची एक मालाच त्यांनीं काढली. तींत जपान आहे, बाली बेट आहे, ट्युनिशिया आहे, स्पेन आहे. आपली ध्वनिमुद्रिका त्याच मालेंतली. पुढें १९८३ सालीं बेरेंट यांनीं जें पुस्तक लिहिलें, त्याचें नांवच ‘नादब्रह्म’ असें आहे.

आतां पियानोत्रयी म्हणजे काय, हें थोडें सांगितलें पाहिजे. मी चिखलीसारख्या घाटावरच्या गांवीं राहतों. पियानो हें वाद्य आमच्याकडे सहसा दृष्टीस पडत नाहीं. पेटी मात्र भजनी मंडळागणिक असते. पेटीच्या आणि पियानोच्या पट्ट्यांची मांडणी सारखीच. काळ्या-पांढऱ्यांचा क्रमहि तोच. परंतु पेटीचा स्वर वाऱ्यावर चालतो. भाता हलतो आहे तोंवर तो टिकतो. पियानोच्या पेटाऱ्यांत तारा ताणलेल्या असतात, आणि पट्टी दाबली कीं नमद्यानें मढविलेली एक लहानशी हातोडी त्या तारेवर आपटते. स्वर त्या क्षणीं जन्म पावतो आणि त्याच क्षणापासून विरूं लागतो. म्हणजे पियानो हें तंतुवाद्य असूनहि आघाताचें वाद्य आहे. श्रोतेहो, ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

त्रयींतील दुसरें वाद्य डबल बास. तें माणसाहून उंच, सारंगीच्या दूरच्या थोरल्या बहिणीसारखें. जाझमध्यें तें बहुधा बोटांनीं छेडून वाजवितात. तिसरें ड्रम, म्हणजे पायानें वाजणारा मोठा ढोल, हातानें वाजणारे लहान ढोल आणि पितळी झांजा, असा एकाच माणसानें सांभाळावयाचा संसार. जुन्या रीतीप्रमाणें पियानो पुढें चाले आणि बाकीचीं दोन वाद्यें त्याला वाट करून देत. पण चांगल्या त्रयींत हें नातें पुढें पुढें बदलत गेलें. बास नुसता खर्ज धरून न राहतां बोलूं लागला. ड्रम नुसती लय न मोजतां उलट प्रश्न विचारूं लागले. तिघांपैकीं कोणीहि मालक नाहीं व कोणीहि चाकर नाहीं, ही त्या रचनेची खरी शोभा आहे.

जाझची चौकट आपल्याला वाटते तितकी परकी नाहीं. बारा मापांचा ‘ब्लूज’ संपला कीं पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो, आणि दर फेरींत वादक नवें कांहींतरी रचतो. आपण याला आवर्तन म्हणतों. मात्र त्यांच्या आवर्तनांत स्वरमेळ बदलत जातात. आपल्याकडे षड्ज अढळ राहतो व त्याच्या सावलींत राग फुलतो. १९५९ च्या सुमारास अमेरिकेंतील कांहीं वादक स्वरमेळांच्या भराभर होणाऱ्या बदलांना कंटाळले आणि एकाच स्वरमालिकेवर दीर्घकाळ विस्तार करूं लागले. जॉन कोल्ट्रेन या थोर सॅक्सोफोनवादकानें १९६१ सालीं ‘इंडिया’ या नांवाची रचना वाजविली ती याच ओढीनें. रागसंगीताकडे येणारी पाऊलवाट जाझनें अशी स्वतःच पाडली होती. फिलिंगेनची भेट आकाशांतून पडलेली नाहीं.

इरेन श्वाइट्सर यांचा जन्म २ जून १९४१ रोजीं स्वित्झर्लंडच्या शाफहाउझेन या सीमेवरील गांवीं झाला. आईवडिलांचें उपाहारगृह होतें. तेथें नाचाच्या वेळीं वाजणारें संगीत ऐकत त्या वाढल्या. पियानो त्या बहुतांशीं स्वतःच्या कानावर शिकल्या, आणि त्याबरोबरच ड्रमहि वाजवूं लागल्या. पुढें झुरिच येथील ‘आफ्रिकाना’ नांवाच्या कॅफेंत त्यांनीं दक्षिण आफ्रिकेंतून आलेले वादक ऐकले. वर्णद्वेषी राजवटीच्या जाचामुळें मायदेश सोडलेले ते कलावंत होते. त्यांचा संस्कार श्वाइट्सरबाईंच्या हातावर कायमचा राहिला. जाझच्या जगांत त्या काळीं स्त्री दिसलीच तर बहुधा गायिका म्हणून दिसे. स्वतःच्या नांवाची त्रयी चालविणारी आणि तीहि बंडखोर वादन करणारी स्त्री हा युरोपांत अपवाद होता. १६ जुलै २०२४ रोजीं झुरिच येथें त्या वारल्या, तेव्हां युरोपच्या मुक्त वादनाची एक अग्रणी म्हणून त्यांचा गौरव झाला. त्यांच्या सोबत्यांनीं, ट्रेप्टे व नॉयमायर यांनीं, या ध्वनिमुद्रिकेनंतर लवकरच, १९६८ सालीं, जें नवें वाद्यमंडळ काढलें त्याचें नांव त्यांनीं ‘गुरु गुरु’ असें ठेविलें.

आतां केशव साठे यांच्याकडे येऊं. मुंबईंत १९२८ सालीं त्यांचा जन्म झाला व १९५० नंतरच्या दशकांत ते लंडनला गेले. तेथें कलकत्त्यांत जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनीं भारतीय व जाझ वादकांचें एक संयुक्त मंडळ उभारलें. त्यांची ‘इंडो-जाझ स्वीट’ ही ध्वनिमुद्रिका १९६६ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावर तबला आहे तो साठे यांचा, आणि सतार आहे ती मोतिहार यांची. १९७२ मध्यें मुंबईंत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमांसियो डिसिल्व्हा यांच्याबरोबर ‘ड्रीम सीक्वेन्स’ या ध्वनिमुद्रिकेंत ते वाजले. पुढें जॉन रेनबोर्न या इंग्लिश गिटारवादकाच्या मंडळांत, इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना त्यांनीं तबल्याची साथ केली. त्या मंडळाची ‘अ मेड इन बेडलम’ ही ध्वनिमुद्रिका १९७७ ची. २०१२ सालीं त्यांचें निधन झालें.

ही कारकीर्द लहान नव्हे. मुंबईंतच जन्मलेल्या झाकिर हुसेन यांनीं तबला जगाच्या व्यासपीठावर नेला, हें आपण अभिमानानें सांगतों, आणि तें यथार्थच आहे. परंतु त्यांच्या ‘शक्ति’ या मंडळाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ सालीं निघाली. तिच्या दहा वर्षें आधीं साठे लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहांत जाझच्या वादकांशेजारीं मांडी घालून बसले होते. पहिली वाट तुडविणाराच्या वांट्याला कांटे येतात. कीर्ति मागून येणाराची होते. त्यांत मागून येणाराचा कांहींच दोष नसतो. पण पहिल्याचें नांव पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला पोंचत नाहीं.

या भेटींत अडचणी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. पहिली अडचण स्वरांची. पियानोचें सप्तक बारा सारख्या तुकड्यांत कापलेलें. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेंत जाण्याची त्याला सोय नाहीं. सतारीवर तार ओढून जी मींड निघते, ती पियानोवर निघणें अशक्य. हाच आक्षेप आपल्याकडे पेटीवर घेतला गेला होता. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी केली, आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. तीस वर्षें नभोवाणीवर जिला मज्जाव होता, तीच पेटी देवळांत, नाटकांत आणि बैठकींत निर्वेधपणें वाजत राहिली. याचा अर्थ आक्षेप खोटा होता असें नाहीं. वाद्याच्या मर्यादा ओळखून वाजविणारे हात असले, तर मर्यादेंतूनहि संगीत निघतें, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी अडचण लयीची, आणि ती अधिक बिकट होती. श्वाइट्सर यांची त्रयी त्या सुमारास मुक्त जाझकडे वळत होती. मुक्त जाझ म्हणजे ठरलेला स्वरमेळ नाहीं, ठरलेलीं मापें नाहींत, कधीं कधीं मोजण्यासारखी लयहि नाहीं. वादकानें वादकाचें ऐकावें आणि त्या क्षणीं जें सुचेल त्याची जबाबदारी घ्यावी. याच्या उलट आपल्या तबल्याचें सारें वैभव आवर्तनावर उभें आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा, नवव्या मात्रेवरील खाली, आणि फिरून समेवर येण्याचा तो आनंद! एकानें घर सोडून निघावयाचें आणि दुसऱ्यानें दर फेरीला घरीं परतावयाचें, अशा दोघांनीं एकत्र प्रवास कसा करावा?

माझ्या मतें या ध्वनिमुद्रिकेचें मोल याच ठिकाणीं आहे. सतार आणि पियानो यांना एकत्र आणण्याचा हट्ट तिनें फारसा धरलेला नाहीं. तेथें मींड आणि पट्टी यांचें भांडण मिटणारें नव्हतें. खरें हस्तांदोलन होतें तें पियानो, ड्रम आणि तबला यांच्यांत. मघां मीं पियानो हें आघाताचें वाद्य आहे असें म्हटलें, तें यासाठीं. श्वाइट्सरबाई स्वतः ड्रम वाजविणाऱ्या. त्यांच्या बोटांत आघाताची जाण उपजत होती. स्वरमेळाची चिंता बाजूला ठेवून त्या जेव्हां पियानोवर तुटक, टणक बोल टाकतात, तेव्हां ते तबल्याच्या बोलांचे दूरचे नातलग वाटतात. आणि साठे? ते आपलें घर सोडीत नाहींत. भोंवतीं कितीहि वावटळ उठो, त्यांचा ठेका स्वच्छ राहतो, बायांचा घुमारा भरदार राहतो. पण तो ठेका बहिऱ्याचा नव्हे. समोरचा ऐकतो आहे, आपणहि त्याचें ऐकतों आहोंत, ही जाणीव त्यांत सतत जागी आहे.

ध्वनिमुद्रिकेंत तीनच रचना आहेत. पहिली बाजू ‘सन लव्ह’ या एकाच दीर्घ रचनेनें व्यापली आहे. दुसऱ्या बाजूला ‘याद’ आणि ‘ब्रिगाख अँड गँजेस’ अशा दोन. या शेवटच्या नांवाकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. ब्रिगाख ही फिलिंगेन गांवावरून वाहणारी नदी. नदी कसली, चाळीसेक किलोमीटर लांबीचा एक ओढाच तो! तिच्या शेजारीं साक्षात् गंगेचें नांव ठेवण्यांत प्रथमदर्शनीं थोडी थट्टा वाटते. परंतु हीच ब्रिगाख पुढें डोनाउएशिंगेन येथें ब्रेग नांवाच्या दुसऱ्या ओढ्याला मिळते, आणि त्या दोहोंच्या संगमानंतर त्या प्रवाहाला डॅन्यूब असें नांव मिळतें. ती डॅन्यूब पुढें सुमारें २,८५० किलोमीटर वाहून काळ्या समुद्राला मिळते. आमच्या चिखली तालुक्यांतून पैनगंगा वाहते. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी आमच्याकडे उन्हाळ्यांत पाहिली, तर तिला नदी म्हणण्यास परका माणूस कचरेल. पण तीच पुढें वर्धेला मिळते आणि तिचें पाणी अखेर गोदावरीस पोंचतें. उगमापाशीं राहणाऱ्या माणसांना हें सांगावें लागत नाहीं कीं, प्रवाहाची योग्यता त्याच्या रुंदीवरून ठरवूं नये.

मग अशी ध्वनिमुद्रिका विस्मृतींत कां पडली? पहिलें कारण, १९६७ हें सालच सतारीच्या कोलाहलाचें होतें. त्या वर्षीं जूनमध्यें कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथें रविशंकर यांनीं तरुणांच्या प्रचंड समुदायापुढें सतार वाजविली. त्याच सुमारास इंग्लंडच्या बीटल्स मंडळींच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेंतहि सतार ऐकूं आली. सतार ही फॅशन झाली, आणि फॅशन ओसरली तेव्हां तिच्याबरोबर कांहीं प्रामाणिक कामहि केरांत गेलें. दुसरें कारण, लंडनच्या मेयर-हॅरियट मंडळाच्या ध्वनिमुद्रिका आधींच बाहेर पडल्या होत्या. ही दुसरी म्हणून मागें राहिली. तिसरें कारण असें कीं, श्वाइट्सरबाईंची पुढील कीर्ति एकल पियानोवादनावर व मुक्त वादनावर उभी राहिली, आणि हें आरंभींचें काम त्या वाटेंत बसेना.

चौथें कारण मात्र आपल्या पदरीं घालावें लागेल. जाझच्या कडव्या भक्तांना ही भेसळ वाटली आणि रागसंगीताच्या कडव्या भक्तांनाहि ही भेसळच वाटली. दोन्ही घरांनीं जिला पाहुणी म्हटलें, तिला कोठेंच पान वाढलें गेलें नाहीं. या आक्षेपाचा मी अनादर करीत नाहीं. भेसळ ही वाईटच असते. पण भेसळ कशाला म्हणावें? दुधांत पाणी घातलें, तर दुधाचाहि गुण जातो आणि पाण्याचाहि. ज्या भेटींत प्रत्येकजण आपली शिस्त अर्धवट सोडतो आणि दुसऱ्याची अर्धवट उचलतो, ती भेसळ. ज्या भेटींत प्रत्येकजण आपल्या शिस्तींत राहून दुसऱ्याचें ऐकतो, ती भेट. या कसोटीला ही ध्वनिमुद्रिका सर्वत्र उतरते, असें मी म्हणणार नाहीं. कांहीं जागीं दोन्ही मंडळी नुसत्या आपापल्या पाळीची वाट पाहात बसल्यासारख्या वाटतात. कांहीं जागीं पाश्चात्य वाद्यांचा गलबला सतारीला झांकून टाकतो. परंतु जेथें तबला आणि पियानोत्रयी एकमेकांना भिडतात, तेथें कोणीहि कोणाचा वेष घेतलेला नाहीं. साठे जाझवाले झालेले नाहींत आणि श्वाइट्सर हिंदुस्थानी झालेल्या नाहींत.

तीनचारशें वर्षांच्या अनुभवानें आपण मराठी लोकांनीं तरी ही कसोटी ओळखावयास हवी. गोमंतकांत पोर्तुगिजांबरोबर व्हायोलिन आलें, इंग्रजांबरोबर पेटी आली. दोन्ही आपल्या अंगवळणीं पडलीं. आपल्या नाट्यसंगीतांत सारंगी होती, ऑर्गन होता, आणि तबल्यावर अहमदजान थिरकवां यांच्यासारखा उत्तर हिंदुस्थानी उस्ताद गंधर्व नाटक मंडळींत बसला होता. तेव्हां प्रेक्षक बालगंधर्वांना दाद देत तशीच थिरकवांनाहि देत. साथीदाराला ओळखण्याचा तो संस्कार आपल्यांत होता. तो क्षीण झाला असेल, तर जागा करणें आपल्याच हातीं आहे.

ज्यांना ही ध्वनिमुद्रिका ऐकावीशी वाटेल, त्यांनीं ती आतां दुर्मिळ तबकडीसाठीं वणवण न करतांहि ऐकतां येईल. तिच्या नव्या आवृत्ति निघाल्या आहेत आणि हल्लीं हातांतल्या फोनवरहि असें संगीत मिळतें. माझी एक सूचना आहे. पहिल्या खेपेस सतारीकडे वा ट्रंपेटकडे लक्ष देऊं नये. नुसता तबला धरावा, आणि त्याच्या भोंवतीं काय घडतें आहे तें पाहावें. दुसऱ्या खेपेस पियानो धरावा. तिसऱ्या खेपेस दोन्ही. याच त्रयीचें त्याच वर्षींचें स्वतंत्र वादन ‘अर्ली टेप्स’ या नांवानें १९७८ सालीं प्रसिद्ध झालें आहे. तें जोडीला ऐकलें, तर पाहुणे आल्यावर घरच्या मंडळींनीं आपल्या वागण्यांत काय बदललें आणि काय बदललें नाहीं, हें स्पष्ट होईल. कानाला पहिल्यानें खडबडीत लागेल. पण पखवाजाच्या पहिल्या थापेनेंहि लहान मूल दचकतेंच. पुढें तेंच मूल त्या थापेवर टाळ धरूं लागतें.

शेवटीं एकच गोष्ट. केशव साठे यांचें नांव त्या वेष्टनावर छापलें गेलें म्हणूनच आज, अर्ध्या शतकाहून अधिक काळानें, त्यांच्याविषयीं बोलतां येतें. आपल्या गांवोगांवच्या भजनांत, कीर्तनांत, हौशी नाटकांत किती तबलजी, किती मृदंगी आयुष्यभर वाजले आणि त्यांचें नांव एका कागदावरहि उमटलें नाहीं! चिखलीला काय किंवा पुण्यामुंबईला काय, पुढच्या खेपेस कार्यक्रमाची पत्रिका छापतांना गाणाराच्या नांवाखालीं साथ करणारांचीं नांवें पूर्ण छापावींत. ध्वनिमुद्रण केलें, तर कोणीं काय वाजविलें याची नोंद त्याच दिवशीं करावी. या कामाला चार ओळींची जागा आणि पांच मिनिटांचा वेळ लागतो. तेवढा वेळ आपण देऊं, तर आणखी पन्नास वर्षांनीं एखाद्याला आपल्या गांवच्या तबलजीविषयींहि असेंच बोलतां येईल.